माळ्यावरच्या तीन ट्रंका: लहानपणातलं काय ठेवावं, काय सोडावं

विचारणाऱ्या ताई डोंबिवलीच्या. साताऱ्याचं माहेरचं घर विकायला काढलंय आणि माळ्यावरून तीन ट्रंका खाली आल्या आहेत. आत भातुकली, झबली-टोपडी, फोटो, कॅसेटी, कंपासपेटी, प्लॅस्टिकच्या बाहुल्या आणि भावाची पत्र्याची मोटार. चांदोबाचा गठ्ठा आणि पोस्टाच्या तिकिटांची वही मात्र ताई कॉलेजात असतानाच रद्दीत गेली, त्याची हळहळ अजून जात नाही. भाऊ म्हणतो, सगळं भंगारात घाला. ताईंना विचारायचंय ते असं: गेलेलं परत मिळेल का, आहे त्यातलं काय ठेवावं आणि कसं, आणि आठ वर्षांच्या मुलीच्या वस्तूंचं आत्तापासून काय करावं.

ताई, कागद, कापड आणि घरातल्या जुन्या वस्तू टिकवणं हे माझं रोजचं काम. आधी संग्रहालयात केलं, आता घरोघरच्या लोकांसाठी करतो. तुमच्या पत्रात 'आज त्यांची किती किंमत आली असती' हे वाक्य दोनदा आलंय, म्हणून आधी त्याचाच निकाल लावू.

चांदोबा मराठीत १९५२ साली सुरू झाला आणि पुढची कित्येक वर्षं घरोघरी येत राहिला. तुमच्या गठ्ठ्यातले ऐंशीच्या दशकातले अंक भरपूर छापले गेले होते आणि आजही जुन्या पुस्तकवाल्यांकडे सापडतात. मुंबईत फोर्टातल्या आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर, पुण्यात रद्दीच्या दुकानांतून चिकाटीने विचारत राहिलात तर पाच-दहा अंक हाती लागतील. 'किशोर' हवा असेल तर तेवढीही पायपीट नको. बालभारतीने १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवलेत. किंमत खरी चढली ती इंद्रजाल कॉमिक्सच्या सुरुवातीच्या अंकांना, म्हणजे १९६४ नंतरची पहिली काही वर्षं. पण ती का चढली ते बघा. आपण सगळ्यांनी ते अंक रद्दीत घातले म्हणून. प्रत्येक आईने इंद्रजालमधला वेताळ जपून ठेवला असता तर आज तो किलोवरच गेला असता.

तिकिटांच्या वहीचं तर मनावर घेऊच नका. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या अशा वह्या माझ्याकडे येत असतात. तिकिटं डिंकाने चिकटवलेली, नाहीतर सेलोटेपने, दाते फाटलेले, पाकिटावरून ओढून काढताना मागचा थर निघालेला. प्रत्येकाला वाटतं की आपल्या वहीत १९४८ सालचं गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट होतं. बहुतेकांच्या वहीत टपाल खात्याचं रोजच्या वापरातलं तिकीट असतं. जुन्या नाण्यांचंही तसंच. उलट तिथे फसवणूकच जास्त आहे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुनी नाणी-नोटा लाखांत विकत घेण्याचं आमिष दाखवणारे इतके झाले, की बँकेला २०२१ मध्ये लोकांना जाहीरपणे सावध करावं लागलं.

तेव्हा वस्तू निवडताना एकच कसोटी लावा: बाजारात हिची दुसरी प्रत मिळेल का? छापलेलं, कारखान्यात झालेलं बहुतेक सगळं कधी ना कधी परत मिळतं. परत मिळत नाही ते कुणाच्या तरी हातचं किंवा आवाजातलं. माझ्याकडे हळहळत येणारी माणसं शंभरातली नव्वद अशाच वस्तूंसाठी येतात. आजीने चिंध्यांची शिवलेली बाहुली. वडिलांनी बदलीच्या गावाहून पाठवलेलं आंतरदेशीय पत्र, ज्याच्या घडीवरच्या चिंचोळ्या जागेत मुलांसाठी चार ओळी वेगळ्या लिहिलेल्या असायच्या. भिंतीवर उंची मोजून पेन्सिलीने मारलेल्या रेघा, ज्या रंगकाम करताना गेल्या. (तुमच्या साताऱ्याच्या घरात अशा रेघा असतील तर विक्रीआधी शेजारी पट्टी धरून फोटो काढा.) महागड्या खेळण्यासाठी रडत आलेला माणूस क्वचितच.

या कसोटीवर तुमच्या ट्रंकांमध्ये सगळ्यात वरचा नंबर कॅसेटींचा. त्यांत गाण्यांच्या विकतच्या किती आहेत ते सोडा. वर बॉलपेनने 'घरगुती' किंवा नुसती तारीख लिहिलेल्या असतील त्या वेगळ्या काढा. त्या काळी टेपरेकॉर्डर घरात आला की पहिलं काम म्हणजे पोराला श्लोक म्हणायला लावणं आणि आजोबांना काहीतरी बोलतं करणं. हा आवाज दुसरीकडे कुठेही नसतो.

पण थांबा, लगेच लावू नका. कॅसेट उजेडात धरा आणि खिडकीतून फितीच्या गुंडाळीची कड बघा. पांढरट भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी कॅसेट लावली तर बुरशी यंत्राच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. ती जाणकाराकडेच द्या. कड काळी-तपकिरी, स्वच्छ असेल तर पुढचं बघा: फीत जिथे उघडी असते तिथे मागे तांब्याच्या पट्टीवर नखाएवढा नमद्याचा (फेल्टचा) तुकडा असतो. तो फितीला हेडवर दाबून धरतो. तीस-चाळीस वर्षांत त्याचा गोंद वाळतो आणि तुकडा गळून पडतो. मग आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो आणि लोक म्हणतात, कॅसेट खराब झाली. फीत ठणठणीत असते. चार-पाच स्क्रूंची एखादी निरुपयोगी कॅसेट उघडायची आणि आपल्या फितीची दोन्ही चक्रं तिच्यात बसवायची. तुमची कॅसेट स्क्रूची नसून चिकटवलेली असेल तर तिचं कवच जोडावरून फोडावं लागतं, तेवढं काम हलक्या हाताच्या माणसाकडून करून घ्या. लावण्याआधी फीत एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून सैल करा. आणि पहिल्यांदा लावतानाच संगणकावर उतरवून घ्या. 'आधी ऐकू, मग उतरवू' असं करू नका, कारण जुनी फीत पहिल्याच फेरीत तुटू शकते.

फोटोंमध्ये कृष्णधवल फोटोंची काळजी कमी. चांदीच्या कणांची प्रतिमा, नीट धुतलेली असेल तर शंभर वर्षं सहज काढते. काळ्या पानांचा, कोपऱ्यांच्या खोबणीत फोटो बसवलेला जुना अल्बम असेल तर तो आहे तसाच राहू द्या. घात केला तो नंतर आलेल्या चिकट पानांच्या अल्बमांनी, ज्यांत फोटो ठेवून वरून पारदर्शक कागद ओढायचा. तो गोंद पिवळा पडतो, फोटोला धरून बसतो आणि त्याच्या रेघा फोटोवर उमटतात. अशा पानावरून फोटो बोटाने उचकटू नका, वरचा थर तडकतो. दात साफ करायचा बिनमेणाचा डेंटल फ्लॉस घ्या, फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे ओढत न्या. निघत नसेल तर पानासकट फोटोचा फोटो काढा आणि सोडून द्या. ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर झाले असतील, कारण त्यांतला निळा रंग आधी उडतो. तो मूळ कागदावर परत येत नाही, पण स्कॅन केल्यावर संगणकावर बराच सावरता येतो. म्हणून स्कॅनिंगला रंगीत फोटो आधी, कृष्णधवल नंतर.

आता प्लॅस्टिक. लोकांना वाटतं कागद नाशवंत आणि प्लॅस्टिक अमर. घरच्या ट्रंकेत बऱ्याचदा उलटं होतं. तुमची कंपासपेटी उघडा. खोडरबर आतल्या प्लॅस्टिकच्या पट्टीला किंवा कोनमापकाला चिकटलं असेल, आणि ओढून काढलंत तर पट्टीवर रबराच्या आकाराचा खळगा दिसेल. मऊ खोडरबरात प्लॅस्टिक लवचीक ठेवणारं तेलकट रसायन असतं. ते हळूहळू बाहेर येतं आणि शेजारचं कडक प्लॅस्टिक विरघळवतं. बाहुल्यांचंही हेच. मऊ व्हिनाइलच्या बाहुलीचे हातपाय चिकट लागत असतील तर ते रसायन पृष्ठभागावर आलंय. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून, फडकं पिळून पुसा आणि सुकवा. पुन्हा चिकट होईल, पुन्हा पुसा. प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत बांधून ठेवू नका. प्रत्येक बाहुली धुतलेल्या सुती फडक्यात वेगळी गुंडाळून, हवा खेळेल अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. एक बाहुली दुसरीला लागू देऊ नका.

आणि डांबरगोळ्या! ट्रंकेत मूठभर टाकण्याची आपल्याकडची पद्धत मला माहीत आहे. प्लॅस्टिकच्या वस्तूंजवळ त्या अजिबात नकोत; त्यांच्या वाफेने कडक प्लॅस्टिकसुद्धा मऊ पडतं. सेलवर चालणारं खेळणं असेल तर झाकण उघडून जुने सेल आधी काढा. बहुधा हिरवट-पांढरी भुकटी आलेली असेल. जुन्या टूथब्रशने कोरडी झाडा, मग किंचित ओलसर कानातल्या काडीने पुसा आणि लगेच कोरडं करा.

भातुकलीत पितळेचं असेल ते चिंचेने किंवा पावडरने लखलखीत करण्याचा मोह आवरा. प्रत्येक घासणीत धातूचा एक थर जातो. मोठ्या पातेल्याला ते कळत नाही, पण अंगठ्याएवढ्या बंबाची नक्षी चार-पाच दिवाळ्यांत सपाट होते. कोरड्या फडक्याने पुसलं तरी पुरे. लाकडी भातुकली किंवा सावंतवाडीची रंगीत लाकडी फळं असतील तर वेगळी सावधगिरी हवी. जुन्या लाकडी खेळण्यांवर बऱ्याचदा लाखेचं काम असतं आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. करोनाच्या दिवसांत अशी कितीतरी खेळणी लोकांनी सॅनिटायझरने पुसली आणि रंग हातात आला. ओल्या फडक्यानेही नको, उन्हात वाळत घालणंही नको. मऊ कोरडा ब्रश, बस. मातीचे मावळे आणि किल्ल्यावरची चित्रं यांनाही पाणी दाखवू नका, रंग वाहून जातो.

झबली, टोपडी, कुंची यांच्यावर जे पिवळट-तपकिरी डाग दिसतात ते बहुतेक दुधाचे. ठेवताना दिसत नव्हते, वर्षांनी उमटले. सुती पांढरं असेल तर सौम्य साबणात भिजवून धुवा. खळ किंवा स्टार्च करू नका, कसर खळीवरच येते. टाचण्या, सेफ्टी पिना काढा. गंजाचा डाग दुधाच्या डागापेक्षा हट्टी. साडीच्या दुकानातून आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून टाका आणि धुऊन मऊ झालेल्या मांजरपाटात गुंडाळा. घडी दरवर्षी वेगळ्या जागी घाला, नाहीतर कापड घडीवरच फाटतं. किडा लागल्याचा संशय असेल (बारीक भोकं, वाळूसारखी विष्ठा), तर विषारी फवारा नको. कापड पिशवीत घालून, हवा काढून, तोंड पक्कं बांधून घरच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक पूर्ण दिवस उघडू नका, नाहीतर थंड कापडावर दव धरतं. चिंध्यांच्या बाहुलीलाही हा उपाय चालतो. फोटो, लाखकाम, रंगवलेलं लाकूड यांना चालत नाही. वेखंडाची पुरचुंडी कापडाला थेट न लावता कोपऱ्यात ठेवली तर हरकत नाही, पण तिच्यावर विसंबू नका.

कागदांबद्दल एकच कळकळीची विनंती: लॅमिनेशन करू नका. पहिलीचं प्रगतिपुस्तक, चित्रकलेचं प्रशस्तिपत्र, आजोबांचं पत्र घेऊन लोक झेरॉक्सच्या दुकानात जातात आणि कायमचं पक्कं करून आणतात. उष्णतेने वितळलेलं प्लॅस्टिक कागदाच्या तंतूंत शिरतं, ते आम्हालाही सुरक्षितपणे सोडवता येत नाही. कागद आतल्या आत पिवळा पडत राहतो तो वेगळाच. मुलीची सोनोग्राफीची चित्रं असतील तर त्यांना तर चुकूनही नको. तो उष्णतेने उमटणारा कागद असतो, लॅमिनेशनच्या रुळाखालून गेला की काळाठिक्कर बाहेर येतो. तसाच ठेवला तरी काही वर्षांत फिका पडतो. आजच त्याचा फोटो काढा. बाकी कागदांच्या स्टेपलच्या पिना काढा, सेलोटेप लावू नका, फाटलं असेल तर तसंच सपाट ठेवा.

ठेवायचं कुठे, यावर माझं मत ठाम आहे: माळ्यावर नाही. स्लॅबखालचा माळा उन्हाळ्यात भट्टी असतो आणि पावसाळ्यात दमट, शिवाय वर ठेवलेलं कुणी वर्षानुवर्षं बघत नाही. जमिनीवर ठेवलं तर पुराचं, गळतीचं भय. आतल्या भिंतीला लागून, जमिनीपासून वीतभर उंच, रोज वावर असलेल्या खोलीतली कपाटाची जागा सगळ्यात चांगली. बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पश्चिमेकडच्या, ओल येते. डोंबिवलीत चार महिने हवेत जी आर्द्रता असते तिच्यापुढे सिलिका जेलच्या चार पुड्या दोन-तीन दिवसांत हात टेकतात. डबा खरोखर हवाबंद असेल आणि पुड्या वरचेवर सुकवत असाल तरच त्यांचा उपयोग. त्यापेक्षा गणपती उठल्यावर, हवा कोरडी झाली की एक दिवस सगळं बाहेर काढा, सावलीत वारा द्या, बघा, परत ठेवा. एवढं केलंत तरी निम्म्या कीडबुरशीला सुरुवातीलाच गाठता येतं.

प्रत्येक वस्तूबरोबर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी हवी: कुणाची, कुणी दिली, कधीची. शाईचं पेन नको, ओल लागली की शाई पसरते. साध्या वस्तूला मोल येतं ते हकीकतीनेच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात साधे अडकित्ते, दिवे, घरगुती भांडी बघायला लोक तिकीट काढून जातात. वस्तूची हकीकत माहीत असणारं माणूस घरात राहिलं नाही की पुढची पिढी ती वस्तू चुकून भंगारात देत नाही, विचार करूनच देते. तुमच्या आई आहेत तोवर त्यांना ट्रंकांपाशी बसवा, फोन रेकॉर्डिंगला लावा आणि एकेक वस्तू हातात देत जा. सगळ्या स्कॅनिंगपेक्षा हे काम आधी करा.

मुलीबद्दल. सगळं ठेवलंत तर काहीच ठेवल्यासारखं होत नाही, कारण ढीग कुणी उघडत नाही. एक मध्यम पेटी ठरवा. भरली की नवीन घालताना जुनं काढायचं. काय काढायचं हे तिने ठरवावं, तुम्ही नाही. मोठ्यांना बक्षिसाचं चित्र जपावंसं वाटतं, पोराला एखादा बिनचाकाचा ट्रक. चित्रांतली स्केचपेनची आधी फोटो काढून अंधारात ठेवा. फ्रिजवर लावलेलं स्केचपेनचं चित्र वर्षभरात फिकं होतं. मेणाच्या खडूंच्या चित्रांमध्ये बटर पेपर घाला, नाहीतर रंग पुढच्या पानाला लागतो. थर्माकोलचे प्रकल्प सोडून द्या. तिचे फोटो फक्त फोनमध्ये असतील तर वर्षातून एकदा वीस-पंचवीस निवडून छापून घ्या, आणि सगळ्यांची एक प्रत दुसऱ्या जागी, दुसऱ्या डिस्कवर. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत बारीक झालेली असते, मूळ फाइल मागवा.

राहिली भावाची मोटार. छापील पत्र्याची आणि किल्लीची असणार. पॉलिश पेपर लावू नका, गंजाबरोबर चित्रही जाईल. कोरड्या ब्रशने झाडून, चाकांच्या दांडीला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब द्या. किल्ली अर्धीच फिरवा. जुनी स्प्रिंग पूर्ण पीळ सहन करत नाही. मग ती भावाला दाखवा आणि त्याचं त्याला ठरवू द्या. त्यानंतरही तो भंगारच म्हणाला तर वाईट वाटून न घेता द्या, किंवा मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर विचारून बघा, तिथे पत्र्याच्या खेळण्यांचे जाणकार विक्रेते आहेत.

ट्रंका मात्र टाकू नका. जुना पत्रा आजच्यापेक्षा जाड असतो. आतला गंज खरवडा, प्रायमर आणि रंगाचा एकेक हात द्या, तीन आठवडे झाकण उघडं ठेवून रंगाचा वास पूर्ण जाऊ द्या, तळाला धुतलेली सुती चादर अंथरा, आणि मगच भरायला घ्या.